भाड्याचे जहाज आणि खलाशी

लष्कराचे सामान वाहण्यासाठी व्यापारी जहाजे भाड्याने घ्यावीत, हा आपल्या अंकातील लेख वाचला. खर्चाचा मुद्दा पटतो. पण खलाशांचे काय? ब्रिटन आणि अर्जेंटिनामधल्या फॉकलंड युद्धात 25 मे 1982 रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या लष्करी कामाला घेतलेल्या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले. 12 जण गेले, तीन चिनूक हेलिकॉप्टरे जळाली. गेल्या निवडणुकीत माझी जीप सरकारी कामाला लावली होती. डिझेलचे पैसे सहा महिन्यांनी आले, फुटलेल्या काचेचे अजून नाहीत. ती निदान काच होती. जहाजाच्या करारात युद्धजोखमीचा विमा आणि खलाशांच्या घरच्यांची भरपाई आधीच लिहिलेली हवी. नंतर अर्ज करायला लावू नये.

— एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा