अफगाण चर्चच्या धर्तीवर, म्हणे!

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार. उपनगरातल्या आमच्या जुन्या अँग्लिकन चर्चची डागडुजी ‘अफगाण चर्चच्या धर्तीवर’ करू, असं आपण भाषणात सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात ठेकेदाराने दगडांमधला चुना उकरून सिमेंट भरलं. धर्ती कोणती, हे तरी आधी विचारायचं!

अफगाण चर्च म्हणजे मुंबईत कुलाब्याचं सेंट जॉन. १८३८ मध्ये कॉजवे म्हणजे पाण्यातून जाणारा जोडरस्ता होईपर्यंत कुलाबा हे बेट होतं, म्हणजे शहराबाहेरच. सिंध-अफगाण मोहिमांतल्या मृतांच्या स्मरणार्थ १८४७ च्या डिसेंबरात कोनशिला बसली, चर्च प्रार्थनेसाठी अर्पण व्हायला जानेवारी १८५८ उजाडलं आणि १९८ फुटी मनोरा पुरा झाला १८६५ मध्ये. जागा देताना सरकारने अटच घातली होती की मनोरा जहाजांना दुरून दिसावा. आराखडा हेन्री कोनीबेअर या शहराच्याच इंजिनिअरचा. सरकारी इंजिनिअर तेव्हाही होते, साहेब. मार्चअखेर मात्र नसावी.

गवंडी दोन दगडांमधल्या फटीला दर्जा म्हणतात. आपल्या खात्यात या शब्दाला दुसरा अर्थ उरलेला दिसत नाही. भिंतीत पाणी मुरतंच. चुन्यातून ते वाळून निघतं, सिमेंट ते अडवतं. मग ते दगडातून वाट काढतं, क्षार आत साठतात आणि मऊ दगडाच्या खपल्या सुटतात. दोन-तीन पावसाळे, बस्स.

खरी रीत अशी: दर्जा रुंदीच्या दुप्पट खोल उकरायची, धूळ झाडून दगड भिजवायचा, एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू घ्यायची आणि वर आठवडाभर ओलं गोणपाट. खाडीची खारी वाळू अजिबात नको. भिंतीतलं पिंपळाचं रोप नुसतं ओढलं तर मूळ आतच राहतं. दहा बाय दहा फुटांना दोन गवंड्यांचे तीन-चार दिवस सहज जातात. आपल्या माणसांनी अख्खी दक्षिण भिंत दोन दिवसांत उरकली!

दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. निविदा सर्वांत स्वस्ताला, देखरेखीला चुन्याचं घमेलं कधी न पाहिलेला माणूस आणि बिल चौरस फुटावर. मग देऊळ असो, मशीद असो की चर्च, सगळं करडंच होणार. गळतीखाली बादल्या मात्र आम्हीच ठेवायच्या.

आता सिमेंट काढायला ग्राइंडर पाठवू नका, दगडाच्या कडा जातील. छिन्नी-हातोडीनेच काढा. सुरुवात आपल्या नावाच्या पाटीपासून करा. तीही सिमेंटातच बसवली आहे.

आपले,
चर्चचे काही नेहमीचे लोक