आतल्या खोल्यांची सरकती दारे : आधी भिंत पाहावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापूर, होटगी रस्ता आणि विजापूर रस्ता या भागांतील नव्या सदनिकांमध्ये आतल्या खोल्यांना बिजागरीच्या दाराऐवजी वरच्या उघड्या लोखंडी पट्टीवर टांगलेले आणि भिंतीलगत सरकणारे दार बसवण्याची आवड अलीकडे दिसू लागली आहे. अमेरिकेतील शेतांवरच्या कोठारांना पूर्वापार अशी दारे असत, म्हणून दुकानदार त्याला बार्न डोअर म्हणतात. गृहसजावटीच्या पुरवण्यांत त्याची छायाचित्रे देखणी दिसतात. मात्र कोणत्या खोलीला ते चालेल आणि कोणत्या खोलीला चालणार नाही, याची चर्चा फारशी वाचायला मिळत नाही. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

या दाराचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तीन फुटी पाखा, म्हणजे दाराची फळी, बिजागरीवर उघडताना जमिनीवरची सुमारे सात चौरस फूट जागा अडवतो. सरकते दार ती मोकळी सोडते. खाली रूळ नसल्याने उंबऱ्याशी केर साचत नाही, फरशी सलग पुसता येते आणि चाकाची खुर्ची किंवा वॉकर न अडखळता पुढे जातो. वॉकर धरलेल्या माणसाला दार स्वतःकडे ओढताना मागे सरकावे लागते, तो त्रासही वाचतो. तथापि उघडलेल्या पाख्याला शेजारी तेवढीच, म्हणजे आणखी तीन फूट, रिकामी भिंत लागते. कुंभारीच्या रे नगर वसाहतीत विडी कामगारांना मिळालेल्या घरांसारख्या लहान घरांत प्रत्येक भिंतीला कपाट, पलंग किंवा शिलाई यंत्र टेकलेले असते. जिथे जागेची खरी चणचण, तिथेच या दाराला सरकायला भिंत नसते. शिवाय आपल्याकडे विजेची बटणे दाराशेजारीच असतात. चुकीच्या बाजूला दार सरकवले की बोर्ड त्यामागे झाकला जातो.

खरी अडचण भिंतीच्या मजबुतीची आहे. भरीव लाकडाचा सात फूट उंच पाखा सहज तीस-चाळीस किलोंचा होतो आणि त्याचा भार भिंतीपासून थोडा बाहेर टांगलेला असल्यामुळे तो केवळ खाली ओढत नाही, तर वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर खेचतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा चार इंची असतात आणि अनेक ठिकाणी त्या सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. सुतार सांगतो की वर लिंटेल, म्हणजे दारावरची काँक्रीटची आडवी तुळई, आहे, काळजी नको. परंतु लिंटेल दाराच्या उघडीपलीकडे साधारण वीतभरच गेलेले असते, आणि दार उघडे असताना त्याचा सगळा भार नेमका लिंटेलच्या पलीकडच्या ठोकळ्यांवर लटकतो. सलग लिंटेल पट्टा नसेल, तर भिंतीतून आरपार बोल्ट घालून जाड लाकडी पट्टी बसवावी आणि पट्टीवर रेल घ्यावी. दोन्ही टोकांना थांबे, खाली पाखा न झुलण्यासाठी मार्गदर्शक आणि चाके रुळावरून उडू नयेत म्हणून अटकाव हे तीन भाग लहान मुलांच्या घरात तरी कोणी वगळू नयेत.

दुसरा दोष फटीचा. हे दार चौकटीत बसत नाही, भिंतीसमोर उभे राहते. आपल्याकडे चौकट गिलाव्याच्या पुढे आलेली असते, खाली स्कर्टिंगची फरशीही थोडी पुढे असते. दोन्हींना ओलांडण्यासाठी पाखा आणखी बाहेर घ्यावा लागतो आणि फट वाढते. त्या फटीतून उजेड, आवाज, वास आणि डास असे सगळे ये-जा करतात. पारा बेचाळीसच्या पुढे गेलेल्या एप्रिल-मे महिन्यांत एका खोलीपुरते वातानुकूलन यंत्र लावणाऱ्या कुटुंबाची गार हवा तिथूनच निघून जाते. मिरच्या भाजल्याचा ठसका स्वयंपाकघरातून थेट दिवाणखान्यात येतो. सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर राहणे अशी घरे आहेत. तिथे मागाचा खडखडाट आणि सुताचे उडते तंतू अडवणे हेच दाराचे पहिले काम, आणि ते या दाराला जमणारे नाही. कडेने ब्रशच्या पट्ट्या लावल्यास फरक पडतो, पण बिजागरीच्या दाराची सर येत नाही. आग लागल्यास घट्ट बंद झालेले दार धूर काही काळ रोखून धरते, हेही लक्षात ठेवावे.

न्हाणीघराच्या बाबतीत मत देताना मला थोडा विचार करावा लागला. आत उघडणाऱ्या दारामागे वृद्ध माणूस कोसळला, तर दार ढकलता येत नाही. सरकते दार मात्र बाहेरून बाजूला करता येते. हा लाभ मोठा आहे. पण बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि निकडीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशा कडीचे साधे दार तेच काम करते, शिवाय आडोसाही राखते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात दिवाणखान्याला लागून असलेल्या न्हाणीघराचे दार नीट मिटत नसेल, तर होणाऱ्या संकोचाचे वर्णन नको.

अभ्यासिका, सामानाची खोली, किंवा दिवाणखाना व जेवणाची जागा यांमधली मोठी उघडी वाट अशा ठिकाणी, जिथे आडोसा हवा पण बंदिस्तपणा नको, हे दार जरूर बसवावे. झोपण्याच्या खोलीला व न्हाणीघराला ते नको. सदनिकेच्या नकाशात विकासकाने अशी दारे दाखवली असतील, तर ग्राहकाने भिंत कशाची आहे आणि लिंटेल कुठवर आहे हे ताबा घेण्यापूर्वीच लेखी विचारावे, आणि न्हाणीघराला बिजागरीचे दार मागून घ्यावे. फरशी व भिंतीच्या टाइल्स बसण्याआधी चौकट उभी करणे सोपे असते, नंतर तोडफोड अटळ होते.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर