पाच-दोन नंतर

प्रिय बाळा,

काल टेनिसची मॅच हरल्यावर गाडीत तू एवढंच म्हणालीस, "बाबा, ५-२ ने पुढे होते मी." मग घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलीस. मीही गप्प बसलो. बोललो असतो तर नको ते बोललो असतो, म्हणून लिहितोय.

दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला ना, त्या डबल फॉल्टने मॅच गेली नाही गं. त्यानंतरच्या तीन पॉइंटांनी गेली. डबल फॉल्ट झाल्यावर तू लगबगीने बेसलाइनवर आलीस, चेंडू एकदाच आपटलास आणि लगेच सर्व्हिस केलीस, नकोसं काम उरकून टाकावं तशी. धास्ती बसली की मूठ आवळते, श्वास वरच्या वर चालतो, सर्व्हिससाठी उडवलेला चेंडू, म्हणजे टॉस, खाली राहतो आणि एरवी मोकळा फिरणारा हात चेंडू नुसता ढकलतो. शरीर हे आपोआप करतं. घाबरू नकोस, असं मी तुला कधीच सांगणार नाही.

पण दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद मिळतात, ती तुझी आहेत. नेटकडे पाठ फिरव. रॅकेट डाव्या हातात घे, म्हणजे उजवी मूठ सुटेल. श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला लाव. सर्व्हिस कुठे टाकायची ते ठरव आणि मगच लाइनवर ये. टॉस हवेत असताना बेत बदलायचा नाही. हे सरावात रोज कर, बरोबरीतला सेट ठरवणाऱ्या टायब्रेकमध्ये नव्याने काही सुचत नसतं.

१९८० च्या विम्बल्डन फायनलमध्ये मॅकेन्रोविरुद्ध बोर्गच्या हातून चौथ्या सेटमध्ये ७ मॅच पॉइंट निसटले, एक जरी जिंकला असता तरी मॅच त्याची होती. टायब्रेक १६-१८ गेला. पाचव्या सेटचे पहिले दोन पॉइंटही गेले. तरी तो सेट त्याने ८-६ जिंकला, आणि मॅचही. आणि फेडररसारख्या खेळाडूनेही कारकिर्दीत खेळलेल्या पॉइंटांपैकी ५४ टक्केच जिंकले. म्हणजे जवळजवळ दर दुसरा पॉइंट तो हरत होता.

आणखी एक. डबल फॉल्टनंतर तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मी डोक्याला हात लावला होता. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला. ते ओझं मी टाकलं तुझ्यावर. मला माफ कर. पुढच्या वेळी बघशील तेव्हा स्कोअर काहीही असो, मी शांत बसलेला असेन. तेवढा सराव मलाही करावा लागेल.

उद्या सकाळी चेंडूंची टोपली भरून ठेवतो. आलीस तर सर्व्हिस मारू. झोपावंसं वाटलं तर झोप.

तुझा,
बाबा