प्रोस्टेटच्या किरणोपचारात खाडा नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचे निदान झालेला साठी-सत्तरीचा माणूस जत, आटपाडी, शिराळ्याहून मिरजेला येतो, तेव्हा घरच्यांचे पहिले म्हणणे बहुधा असते, 'उद्यापासूनच करंट (किरणोपचार) सुरू करा.' उपचार सुरू झाले की तिसऱ्या आठवड्यात तेच घर विचारते, 'घरात लग्न आहे, चार दिवस नाही आलो तर चालेल का?' लवकरच्या टप्प्यातल्या या आजारात नेमके उलटे वागायला हवे. निर्णयाला वेळ आहे. सवड नाही ती एकदा आखून दिलेल्या वेळापत्रकात.

वेळ आहे म्हणजे किती, हे तीन गोष्टींवरून ठरते : रक्तातले पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन), बायोप्सीतला, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतला, ग्लीसन स्कोअर (पेशी किती आक्रमक आहेत याचे माप) आणि तपासणीत व एमआरआयमध्ये दिसलेला गाठीचा विस्तार. पीएसए दहाच्या खाली, ग्लीसन ३+३ म्हणजे सहा आणि गाठ ग्रंथीच्या एका बाजूच्या निम्म्याहून कमी भागात असेल, तर तो कमी धोक्याचा आजार. अशा अनेकांना लगेच कोणताच उपचार लागत नाही. ठरावीक अंतराने पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी करत आजारावर नजर ठेवता येते. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १६४३ पुरुष देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले होते. त्याचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात आजार इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होते. म्हणून देखरेख म्हणजे फाईल माळ्यावर टाकणे नव्हे.

पीएसए वाचताना एक चूक फार होते. लघवीची धार सुधारण्यासाठी पुष्कळांना ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असलेली गोळी सुरू असते. ती सहा महिने घेतली की पीएसए निम्म्यावर येते. अहवालात ४ असेल तर ते ८ धरायचे असते. उलट बाजूने, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा नुकतीच घातलेली नळी पीएसए खोटेच वाढवते. तेव्हा चार ते सहा आठवडे थांबून पुन्हा तपासावे. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणली, तर हे गोंधळ पहिल्याच भेटीत मिटतात.

उपचार करायचेच ठरले, तर सही करण्याआधी शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ अशा दोघांनाही भेटावे. शस्त्रक्रियेनंतर लघवी गळण्याचा त्रास जास्त दिसतो, किरणांनंतर शौचाच्या तक्रारी. शस्त्रक्रियेनंतर गरज पडली तर किरण देता येतात; किरणांनंतर शस्त्रक्रिया अवघड जाते. ज्यांची आधी प्रोस्टेटची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना आतड्याचा जुनाट दाह आहे किंवा दोन्ही खुबे धातूचे आहेत, त्यांनी हे न विचारता सांगावे. कमी धोक्याच्या आजारात किरणांसोबत हार्मोनचे (पुरुषी हार्मोन दाबणारे) इंजेक्शन लागत नाही. मध्यम धोक्यातल्या काहींना चार ते सहा महिने लागते. हाडे विरळ होणे आणि साखर वाढणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत, म्हणून ते सरसकट घेऊ नये.

आता वेळापत्रक. पूर्वी ३७-३८ दिवस यावे लागे. 'चिप' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले आणि वीस दिवसांत ६० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचे एकक) दिले तरी परिणाम कमी पडत नाही, हे स्पष्ट झाले. सोमवार ते शुक्रवार धरून चार आठवडे. निवडक रुग्णांना पाचच बैठकांत मोठा डोस देता येतो आणि त्यालाही आता चांगला आधार आहे; पण त्यासाठी मशीनची अचूकता आणि रोजची प्रतिमा दोन्ही पक्की हवीत. एकूण डोस किती, किती भागांत, आणि मशीनवर रोज सीटी काढून जागा तपासणार का, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर 'आठवड्यातून एकदा' असे आले, तर कारण विचारावे.

आखणीचा सीटी स्कॅन हा उपचाराचा पाया आहे. गुडघ्याखाली आधार देऊन निजवतात, पोटावर आणि दोन्ही बाजूंना ठिपक्याएवढे गोंदतात. काही ठिकाणी त्याआधी आठवडाभर प्रोस्टेटमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान असे तीन सोन्याचे कण सुईने बसवतात, म्हणजे मशीनवर ग्रंथीची जागा नेमकी दिसते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्या कधी बंद करायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

सीटीच्या वेळी आत जी स्थिती होती, तीच रोज हवी. प्रोस्टेटच्या वर मूत्राशय आणि मागे गुदाशय. मूत्राशय भरलेले असले की ते स्वतः बरेचसे किरणांच्या वाटेबाहेर राहते आणि लहान आतडे वर ढकलते. गुदाशय रिकामा असला की ग्रंथी जागेवर राहते. त्यात वायू किंवा मळ असेल तर ती पुढे सरकते, कधी सेंटिमीटरभरसुद्धा, आणि ग्रंथी थोडी हलली तरी नेम चुकू नये म्हणून मागच्या बाजूला आपण सोडलेली जागा जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते. सीटीच वायू भरलेल्या अवस्थेत काढला गेला, तर पुढचे वीसही दिवस नेम चुकण्याचा धोका राहतो. अशा वेळी सीटी पुन्हा काढायला सांगितले, तर कुरकुर करू नये.

पद्धत सोपी आहे. आधी शौच आणि लघवी करून यावे, मग ठरलेले पाणी, साधारण ३५० ते ५०० मिली, दहा मिनिटांत पिऊन पाऊण तास थांबावे. तांब्याच्या अंदाजावर राहू नये, अर्ध्या लिटरची बाटली ठेवावी. ज्यांना तितके धरवत नाही, त्यांनी सीटीच्याच दिवशी सांगावे. कमी प्रमाण ठरवता येते, पण ते रोज तेवढेच हवे. एप्रिल-मेमध्ये एसटीतून घामाघूम होऊन आलेल्या माणसाचे मूत्राशय पाऊण तासात भरत नाही, कारण शरीरच कोरडे पडलेले असते. त्यावर उपाय आदल्या दिवसापासून दीड-दोन लिटर पाणी, आयत्या वेळी ढोसलेला तांब्या नव्हे. हृदयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांना विचारून घ्यावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी सकाळी घेणाऱ्यांचे उलटे होते, मूत्राशय वेळेआधीच तुंबते. गोळीची वेळ बदलून मिळते का, ते विचारावे.

चार आठवडे मटकी, चवळी, हरभरा, कोबी, फ्लॉवर, मुळा आणि सोडा बाजूला ठेवावा. जेवण रात्री आठच्या आत. पोट साफ होत नसेल तर दिलेले औषध रात्री घ्यावे. इसबगोल मनाने सुरू करू नये, त्याने काहींना वायू वाढतो.

लोक याला शेक म्हणतात, पण उष्णता काहीच जाणवत नाही. टेबलावर दहा-पंधरा मिनिटे, त्यात प्रत्यक्ष किरण दोन-तीन मिनिटे. बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगात काही शिल्लक राहत नाही. नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. ग्रंथीत किरणोत्सारी बिया कायमच्या बसवतात त्या उपचाराचे नियम वेगळे आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लघवीला वारंवार जावे लागते, जळजळ होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते, शौचाला सैल होते. याच टप्प्यावर माणसे घाबरून येणे थांबवतात किंवा लघवी होऊ नये म्हणून पाणी तोडतात, आणि पाणी तोडल्याने जळजळ आणखी वाढते. धार सुटायला गोळी मिळते, भडंग आणि तिखट रस्सा तेवढे दिवस बंद ठेवावेत. बहुतेकांचा हा त्रास उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. लघवी पूर्ण अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मशीन बंद पडले किंवा ताप आला म्हणून एखादा दिवस गेला, तर तो शेवटी जोडून घेतात. हा कॅन्सर सावकाश वाढणारा असल्याने एका दिवसाने बिघडत नाही. पण आठवडाभराचा खाडा झाला तर डोसचा हिशेब विस्कटतो. म्हणून लग्नकार्य, द्राक्षाची छाटणी, ऊसतोड हे सगळे सुरुवातीची तारीख घेतानाच सांगावे. लवकरच्या टप्प्यात महिनाभर पुढची तारीख बहुतेकांना डॉक्टर सहज देऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर मंजुरी आधी लागते. बायोप्सीचा अहवाल, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावे.

नंतर पीएसए शस्त्रक्रियेसारखे शून्यावर येत नाही. ते दीड-दोन वर्षे हळूहळू उतरते, मध्येच थोडे चढून पुन्हा खाली येते. सर्वांत खालच्या आकड्याच्या वर पूर्ण २ ने वाढले, तर आजार परतला असे धरतात. ०.४ चे ०.९ झाले म्हणून रात्र जागून काढण्याचे कारण नाही, पुढची तपासणी मात्र चुकवू नये.

सहा महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी शौचातून रक्त दिसू शकते. पुष्कळ जण ते मूळव्याध समजून इंजेक्शन किंवा बँड लावून घेतात, आणि किरण बसलेल्या जागी झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. दुर्बिणीने तपासताना गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढला, तरी तोच धोका असतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना आधी किरणोपचार झाल्याचे सांगावे आणि एकूण डोस, भाग व तारखा लिहिलेला डिस्चार्जचा कागद दाखवावा. त्या कागदाची एक प्रत घरी आणि एक मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्यावी.

आपले,
किरणोपचार विभागात काम करणारे काही डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ व तंत्रज्ञ
मिरज, जि. सांगली