मॅडम, तुमचा लॅपटॉप रात्रभर तापला त्याबद्दल

मॅडम,

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. वर्गात कुणी ‘थँक यू’ म्हटलं की तुम्ही लगेच फळा पुसायला वळायचात. म्हणून समोर काही बोलत नाही, उघड पत्रच लिहिते.

‘मर्क्युरी’ या प्रोग्रामिंग भाषेत अडलेय असं सांगितल्यावर आधी काय ऐकावं लागलं ते तुम्हाला माहीत नाही. टीममधल्या एका सिनियरनं कोड न उघडताच ‘तुझंच लॉजिक गंडलंय’ असा निकाल दिला. दुसरा म्हणाला, ‘या भाषेवर नोकरी कोण देतं?’ पीडीएफ बनवणारं ‘प्रिन्स’ मर्क्युरीतच लिहिलंय, हे त्याला सांगणार होते, पण साहेब तोवर चहाला निघून गेले होते.

अडचण तशी एवढीशीच. माझं प्रेडिकेट, म्हणजे फंक्शनसारखा कोडचा तुकडा, मी ‘डेट’ जाहीर केलं होतं, म्हणजे उत्तर नेमकं एक. कोड तपासून मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर म्हणे ‘नॉनडेट’, म्हणजे एकही नसेल नाहीतर कितीही असतील. कोडच्या प्रत्येक फांदीत, म्हणजे पर्यायात, एकाच व्हेरिएबलची वेगळ्या फंक्टरशी, म्हणजे किमतीच्या वेगळ्या प्रकाराशी, तपासणी होती, एकही प्रकार सुटला नव्हता. तरी पठ्ठ्या ऐकेना.

तुम्ही ‘बघते’ म्हणालात. ऑफिसात ‘बघतो’चा अर्थ काय असतो ते मला पाठ आहे, त्यामुळे मी आशा सोडलीच होती. तुम्ही मात्र त्या जुन्या लॅपटॉपवर मर्क्युरीचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून त्यातून ती तयार करायचा अख्खा बिल्ड लावलात. लायब्ररी एकेका ग्रेडसाठी, म्हणजे प्रोग्राम बनवायच्या एकेका पद्धतीसाठी, पुन्हा पुन्हा कंपाइल होत राहते, तो वैताग केलेल्यालाच कळतो. सकाळी तुमचा मेसेज आला, ‘आली. तीच एरर आली.’

त्यात उपाय नव्हता. पण माझं म्हणणं खरं धरून कुणीतरी ते स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलं होतं. बसमध्ये उभ्या उभ्या मी तो मेसेज कितीदा वाचला असेन!

कारणही पुढे तुम्हीच शोधलंत. ‘स्विच’, म्हणजे यातली एकच फांदी लागू होणार अशी रचना, कंपायलरला ओळखू यायला ती तपासणी फांदीच्या सुरुवातीलाच असावी लागते, माझ्या एका फांदीत तिच्याआधी दुसऱ्याच प्रेडिकेटचा कॉल होता. ‘लॉजिक बरोबर आहे गं, त्याला ते दिसत नाही एवढंच.’

मेलबर्न विद्यापीठातून 1995 मध्ये मर्क्युरी पहिल्यांदा बाहेर आली. तिचा कंपायलर तिच्यातच लिहिलेला, सुरुवातीला प्रोलॉग या जुन्या भाषेच्या आधारानं उभा केलेला. सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा. माझ्या त्या सिनियरलाही कुणी अडवलं नव्हतं. हुशारीत तो कुठे कमी नाही, पण दुसऱ्याच्या अडचणीसाठी स्वतःची रात्र खर्ची घालणं हा माणुसकीचा भाग झाला, आणि तो इंटरव्ह्यूत कुणी तपासत नाही.

आता त्या एररमध्येच ‘आधी कॉल आहे, म्हणून स्विच धरला नाही’ अशी सूचना देता येईल का, याची खटपट चालवलीय. पॅच, म्हणजे कंपायलरमधला तो बदल, अजून कच्चा आहे. पक्का झाला की बिल्ड करायला तुमच्याकडेच पाठवणार. या वेळी ग्रेड एकच ठेवा.

तुमची,
शेवटच्या बाकावरची