हुरडा संपला की पाहुणे गायब

संपादक साहेब, नमस्कार. वेरूळला लोक येतात, लेणी बघतात, हॉटेलात पनीर खाऊन माघारी जातात अन् रस्त्याकडेची आमची ज्वारी तशीच उभी. मागच्या पौषात आम्ही आगटी पेटवली, गुळभेंडी ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून गरम गरम हातावर चोळून दिली, सोबत शेंगदाण्याची चटणी, पोरं तर बैलगाडीवरून उतरेनात! पण दाणा टणक झाला की फोन बंद. उन्हाळ्यात जीआयवाला (भौगोलिक मानांकन मिळालेला) मराठवाडा केसर आंबा आहे की, पण सांगणार कोण? कृषी पर्यटन धोरण 2020 ला आलं, आमच्या गावात नोंदणी कशी करायची ते कुणालाच ठाऊक नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर गिऱ्हाईक किती येणार? लेण्यांच्या पार्किंगपाशी आसपासच्या शेतांचा एक बोर्ड तरी लावा.

– एक शेतकरी, ता. खुलताबाद