सोफ्याचे कापड घरी नेऊन पाहू द्या

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी नवा सोफा घ्यायचे घाटते. दुकानात दोन-तीन तास घालवून पारवा किंवा बदामी रंग पक्का होतो आणि सोफा घरी आला की तोच रंग मातकट, नाहीतर हिरवट वाटू लागतो. दुकानदाराने कापड बदलले, असा संशय येतो. बहुतेक वेळा कापड तेच असते. बदललेला असतो तो उजेड.

दुकानात सोफ्यांवर अनेकदा ३००० केल्विनच्या आसपासचे पिवळसर दिवे सोडलेले असतात. आपल्या हॉलमध्ये बहुधा ६५०० केल्विनची पांढरीफटक ट्यूब असते. उजेड पिवळसर की पांढरा हे सांगणारा हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला सापडतो. पिवळ्या उजेडात विटकरी, आमसुली, बदामी हे रंग खुलतात. ट्यूबखाली त्यांतली ऊब निघून जाते. निळ्या आणि राखाडी रंगांचे उलटे आहे. ते ट्यूबखाली स्वच्छ दिसतात आणि पिवळ्या दिव्याखाली मळतात. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल भाग कमी असतो, त्यामुळे डाळिंबी सोफा तपकिरी दिसतो. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० किंवा त्याहून अधिक लिहिलेला दिवा लावला, तर हा दोष बराच कमी होतो.

म्हणून शेड कार्डावरच्या चार बोटांच्या तुकड्यावर निर्णय घेऊ नये. आवडलेल्या दोन-तीन कापडांचा अर्धा-अर्धा मीटर, विकत घ्यावा लागला तरी, घरी आणावा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. सोफा जिथे येणार तिथेच एक खुर्ची ठेवून तिच्या पाठीवरून बैठकीपर्यंत तो तुकडा लांबीने सोडावा. उभ्या पाठीवर आणि आडव्या बैठकीवर एकच कापड दोन छटांत दिसते, हे तेव्हाच कळते. सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री दिवे लावून, असे तीन वेळा पाहावे. शेजारी कोरा पांढरा कागद धरला की बदामी रंगातली गुलाबी किंवा हिरवट झाक उघडी पडते. फोनवरून फोटो पाठवून नातेवाइकांचे मत घेण्यात अर्थ नाही, कारण कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपल्या हिशेबाने बदलून घेतो.

फरशीकडे फार कमी लोक पाहतात. नव्या फ्लॅटमध्ये सहसा पिवळसर हस्तिदंती टाइल्स असतात. त्यांवर गुलाबी झाकेचा बदामी सोफा कायम मळका वाटतो. बदामीच हवा असेल तर पिवळ्या झाकेचा घ्यावा. हिरवट कोटा फरशीवर शेवाळी रंग बुडून जातो, विटकरी उठून दिसतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुन्या घरांत लाल कोबा असतो. तिथे डाळिंबी सोफा ठेवण्याऐवजी मोतिया किंवा मोरपंखी ठेवून पाहावा.

१० बाय १४ फुटांच्या हॉलमध्ये ७ बाय ३ फुटांचा तीन आसनी सोफा एकटाच सुमारे सातवा हिस्सा जमीन व्यापतो. तो भिंतीहून फार गडद असला की हॉल आणखी आखूड वाटतो. भिंतीच्या रंगाहून दोन-तीन छटाच गडद कापड घेतले, तर सोफ्याचा बोजा कमी जाणवतो. मात्र क्रम कापड आधी, भिंत नंतर असाच ठेवावा. भिंतीला हवी ती छटा मिळते, कापडात तेवढा वाव नसतो.

पश्चिमेची खिडकी असेल तर कापडाचा लाइट फास्टनेस, म्हणजे उजेडात रंग किती टिकतो ते, विचारलाच पाहिजे. तो १ ते ८ या मापात सांगतात आणि अशा जागी ५ च्या खाली जाऊ नये. खिडकीची काच बंद असली तरी रंग उडवणारे बरेचसे किरण आत येतातच. गर्द निळा किंवा मोरपंखी सोफा खिडकीच्या बाजूने फिका पडू लागला, तर उशा अदलाबदल करूनही तो फरक लपत नाही, कारण हात आणि पाठ काढता येत नाहीत.

हळदीच्या डागाचेही लक्षात घ्यावे. आमटी किंवा पोह्यांचा डाग पडला की आपण साबण लावतो आणि पिवळा डाग लालभडक होतो. हळदीतला रंग साबणाच्या क्षारामुळे लाल होतो. घाबरून घासत बसू नये. साबण पाण्याने पूर्ण काढला की तो पुन्हा पिवळा होतो, आणि कव्हर उन्हात वाळवले की बराच फिका पडतो. यासाठी चेन असलेली, सुटी निघणारी कव्हरे शिवून घ्यावीत आणि धुताना सगळी एकदम धुवावीत, नाहीतर धुतलेली आणि न धुतलेली कव्हरे वेगळी दिसतात. मुलांच्या घरात साध्या मोतिया कापडापेक्षा दोन रंगांच्या धाग्यांचे, मध्यम छटेचे विणकाम केव्हाही बरे. त्यात डागही कमी दिसतो आणि धूळही. काळ्या-निळ्या सोफ्यावर धुळीचा पांढरा थर दुपारपर्यंत दिसू लागतो.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पीयू लेदरेट, म्हणजे चामड्यासारखे दिसणारे कृत्रिम कापड, जपून घ्यावे. दमटपणाने त्याचा वरचा थर कुजून पापुद्रे सुटतात, आणि गडद चॉकलेटी रंगाखालचे पांढरट अस्तर लांबूनही दिसते. फिक्या लेदरेटवर नव्या जीन्सचा निळा रंग बसतो, तो सहसा निघत नाही.

दुकानदारांकडे दोन मागण्या आहेत. अर्ध्या मीटरचा तुकडा अनामत घेऊन घरी न्यायला द्यावा, आणि बिलावर शेड क्रमांकाबरोबर लॉट क्रमांक (कापड कोणत्या खेपेत रंगवले तो क्रमांक) व लाइट फास्टनेस लिहावा. तीन आसनी सोफ्याला साधारण १० ते १२ मीटर कापड लागते. ते दोन वेगळ्या लॉटमधून आले, तर बैठक आणि पाठ जुळत नाहीत. मखमलीत तर लव उलटी लागली तरी एकच उशी गडद दिसते. गिऱ्हाइकानेही त्याच लॉटचा एक मीटर जादा घेऊन ठेवावा, म्हणजे पुढे हात फाटला तर तेवढाच बदलता येईल.

आपले,
सोफा व पडदेकामातील कारागीर, पुणे